जावयांची फौज

"हात वर करा," निकोलासाबाई म्हणाल्या. ओठांत चार टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे हुकूम जरा फिसफिसत आला. मी हात वर केले. त्यांनी निळ्या कोटाची काख चाचपली, एक टाचणी खुपसली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "या फ्रेंच माणसाचं पोट सुटलंय."

"सुटू दे," खिडकीपाशी बसून तलवारीला राख घासणारे आबुंदिओराव म्हणाले. "पहिल्या तासातच मरायचंय त्याला."

१९९९ सालच्या मे महिन्याची चार तारीख होती. पुण्याहून मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात येऊन मला पाच महिने झाले होते. आमच्या कंपनीने तिथल्या एका कारखान्याला मोटारींची दारं ठोकून काढायची यंत्रं विकली होती आणि यंत्रांबरोबर मलाही धाडलं होतं, दुभाषा म्हणून. आमचे इंजिनियर मराठीतून शिव्या देत, त्यांचे स्पॅनिशमधून, आणि मी मध्ये बसून दोन्हीकडच्या शिव्यांचं तांत्रिक सूचनांत रूपांतर करी. पाच महिन्यांत मी स्वतःचं असं एक वाक्य बोललो नव्हतो. त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

कारखान्यातल्या रुतिलिओ नावाच्या फोरमनने मला सुट्टीला आपल्या गावी आणलं होतं. गावाचं नाव सान इसिद्रो. पुएब्लापासून पाच तास, सगळा डोंगर, शेवटचा तासभर ट्रकच्या हौद्यात उभं राहून. पाच मे हा त्यांचा राष्ट्रीय सण, एवढं मला माहीत होतं, आणि राष्ट्रीय सण म्हणजे स्वातंत्र्यदिन असणार हे मी गृहीत धरलं होतं. रुतिलिओने शांतपणे सांगितलं की असं समजणारा मी जगातला पहिला माणूस नव्हे. स्वातंत्र्याचा दिवस सप्टेंबरात येतो. पाच मे हा एका लढाईचा दिवस. १८६२ साली पुएब्लाच्या वेशीवर फ्रेंचांना मार खावा लागला, तो. सान इसिद्रोत ती लढाई दरवर्षी नव्याने लढतात आणि पाहुण्याला ती नुसती बघू देत नाहीत. पाहुण्याला फ्रेंचांकडून लढावं लागतं.

"म्हणजे तुमचे फ्रेंच ते पाहुणे?" मी विचारलं होतं.

"पाहुणे आणि जावई. जावईच जास्त."

गावात जन्मलेला पुरुष मेक्सिकन. गावातल्या मुलीशी लग्न करून इथेच राहिलेला, आपल्या भाषेत घरजावई, तो फ्रेंच. आणि एकदा फ्रेंच तो मरेपर्यंत फ्रेंच. एवढंच काय, स्मशानाच्या उताराकडच्या कोपऱ्यात जावयांना पुरतात, त्या कोपऱ्यालाही फ्रान्स म्हणतात. हे कोणी ठरवलं, असं मी विचारलं. "बाहेरून आले, जेवले आणि राहिले," रुतिलिओ म्हणाला. "फ्रेंचांनी तरी वेगळं काय केलं?"

आबुंदिओराव एकावन्न वर्षं फ्रेंच होते. पैकी शेवटची बावीस सेनापती. त्यांचं खरं संबोधन डॉन आबुंदिओ, पण आपल्याकडे नावामागे राव लावतात तसंच ते प्रकरण असल्यामुळे मी मनातल्या मनात आबुंदिओराव म्हणू लागलो, आणि त्यांच्या मिशांना ते शोभलंही. वय अठ्ठ्याहत्तर. लढाईचा विजेत्यांचा इतिहास मला रुतिलिओने ट्रकमध्ये सांगितला होता. हरणाऱ्यांचा इतिहास आबुंदिओरावांनी सांगितला, तलवार घासता घासता.

मेक्सिकोची तिजोरी रिकामी झाली, सरकारने परदेशी देणी दोन वर्षं थांबवली, तेव्हा इंग्लंड, स्पेन आणि फ्रान्स अशा तिघांची आरमारं वसुलीला आली. पहिले दोघे बोलणी करून परत गेले. "आम्ही राहिलो," आबुंदिओराव जरा खाली बघत म्हणाले. "आमच्या बादशहाला वसुली नको होती, देश हवा होता." मग फ्रेंच फौज किनाऱ्यावरून चढत चढत पुएब्लाला आली. जगातली नावाजलेली फौज, अर्ध्या युरोपला पाणी पाजलेली. समोर तेहतीस वर्षांचा मेक्सिकन सेनापती आणि त्याच्याकडे डोंगरातून उतरलेले शेतकरी, कित्येकांच्या हातात ऊस तोडायचे कोयते.

"आमची चूक टेकडीपाशी झाली," ते म्हणाले. "शहरात शिरायला सोप्या वाटा होत्या. पण आम्हाला वाटलं, अवघड बाजूनेच चढू, म्हणजे दरारा बसेल. तीनदा चढलो. दुपारी गारा पडल्या, सगळा चिखल झाला. आणि वरून निकोलासाची माणसं उतरली." एवढं सांगून त्यांनी तलवार उजेडात धरून पाहिली. पुढच्याच वर्षी फ्रेंच परत आले, शहर घेतलं, काही वर्षं राज्यही केलं. पण त्याची सुट्टी कोणी देत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

निकोलासाबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. गावातल्या सगळ्या फ्रेंचांचे कोट त्याच शिवत. ऐंशी कोट, तेवढ्याच लाल विजारी. "हे सगळं खरं," त्या मला म्हणाल्या, "पण उद्या माझ्या पणजोबांचं नाव पुसणार आहेत, ते यांनी तुम्हाला सांगितलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. १८६२ साली या गावातून बेचाळीस माणसं लढाईला गेली. त्यांची यादी आहे. लढाईआधी ती मोठ्याने वाचतात, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्या घराण्यातला पुरुष 'हजर' म्हणतो, कोयता उचलतो आणि लढाईला उभा राहतो. लागोपाठ तीन वर्षं उत्तर आलं नाही तर नाव यादीतून जातं. बेचाळीसची आता एकोणतीस झाली होती. निकोलासाबाईंचे पणजोबा पाब्लो कालिस्तो. त्यांच्या नावाला भाऊ फोर्तिनो उत्तर देई. तो लग्नावाचून वारला, त्यानंतर दोन वर्षं कोणी बोललं नाही. उद्याचं तिसरं.

मी विचारलं, तुम्ही का उत्तर देत नाही? तर ज्याने उत्तर दिलं त्याने डोंगर चढून लढायचं असतं आणि बाईंना घराची पायरी चढताना भिंत धरावी लागत होती. शिवाय बाईने उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यांना मूल झालं नव्हतं. गावातला प्रत्येक पुरुष कोणत्या ना कोणत्या नावाखाली उभा होता, आणि एका माणसाने दोन नावांना उत्तर द्यायचं नाही. उरले ते सगळे फ्रेंच.

"थडगं कुठे आहे त्यांचं?" मी विचारलं.

"थडगं नाही. ते परत आलेच नाहीत. बायको पोटुशी होती, म्हणून घर राहिलं." त्यांनी माझ्या खांद्यावरचा दोरा झटकला. "नाव पुकारतात तेवढा वेळ ते असतात."

संध्याकाळी जेवायला रुतिलिओही आला. काळ्या घेवड्याची उसळ, मक्याच्या भाकऱ्या आणि एक तिखट, ज्याबद्दल मी मराठी माणूस म्हणून गप्प राहिलो. यादीचाच विषय चालला होता. मुख्य माणूस फिदेन्सिओराव; यादी ते वाचतात आणि नियमाला इतके पक्के की त्यांच्या स्वतःच्या चुलत्याचं नाव त्यांनीच पुसलं होतं. विनंती करावी तर ते सभा बोलावणार, आणि सभा म्हणजे पुढचं वर्ष.

तेव्हा मी ते बोललो. कोणाचंही भाषांतर नसलेलं, प्रश्नही नसलेलं, पाच महिन्यांतलं माझं पहिलं वाक्य. म्हटलं, आमच्याकडे घराण्याचं नाव बुडायची वेळ आली की दत्तक घेतात. आमच्या राजांनीही घेतले. इंग्रजांनी साताऱ्याचं दत्तक नामंजूर करून राज्य घशात घातलं, मग झाशीचं घातलं, आणि मग मोठं युद्ध पेटलं.

"जिंकलात?" रुतिलिओने विचारलं.

"नाही."

आबुंदिओरावांनी व्यवसायबंधूच्या मायेने माझ्यापुढे आणखी एक भाकरी सरकवली.

निकोलासाबाईंना युद्धात रस नव्हता. दत्तक कसं घेतात, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चार माणसांसमोर मांडीवर घेतात, घराचं नाव देतात. त्याचं पहिलं घर? ते सुटतं. मग तो रक्ताचा होतो का? रक्ताचाच धरतात. वय किती असावं लागतं? लहान मूल बरं, पण मोठी माणसंही घेतलेली आहेत. रुतिलिओ माझ्याकडे बोट करून म्हणाला, मग या निमकरलाच घ्या की. पण मी जूनमध्ये परत जाणार होतो आणि उत्तर देणारा दरवर्षी गावात लागतो. बाई भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. एकावन्न वर्षांत पुष्कळदा बघितलं असणार, पण असं, कापडाचं माप घेतल्यासारखं, बहुधा नसावं.

ते आबुंदिओरावांच्या उशिरा ध्यानात आलं. "लोक हसतील," ते म्हणाले.

"दरवर्षी हरता तेव्हा हसतातच की," बाई म्हणाल्या.

नवऱ्याला दत्तक घेता येतं का, यावर शास्त्र काय म्हणतं ते मला ठाऊक नव्हतं. येत नाही, असं वाचल्याचंही आठवेना. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी उसळ वाढून घेतली.

सकाळी घरातल्या देवांच्या तसबिरींसमोर मेणबत्ती लावून निकोलासाबाई खुर्चीत बसल्या. मांडीवर बसवण्याइतके गुडघे धड नव्हते. सेनापतीच्या सोनेरी पट्ट्यांचा कोट घातलेले आबुंदिओराव त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी बाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाई त्यांच्या डोंगरातल्या जुन्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलल्या. मला त्यातलं फक्त पाब्लो कालिस्तो हे नाव कळलं, दोनदा. साक्षीला मी आणि रुतिलिओ. रुतिलिओ हसू दाबायच्या तयारीने आला होता, हे मला दिसत होतं. पण त्याने टोपी काढली आणि ती पुन्हा घालायची त्याला आठवण राहिली नाही.

पुढे काय झालं ते मी गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळांना सांगितलं आहे. लोक हसतात आणि मीही त्यांना हसू देतो, कारण अर्धं मी हसण्यासारखंच सांगतो. उरलेलं अर्धं मला सांगता येत नाही.

वर टेकडी, टेकडीवर छोटं देऊळ. उतारावर गावातले तीनेकशे पुरुष, पांढऱ्या कपड्यांत, कोयते आणि घरी बनवलेल्या नळीच्या बंदुका घेऊन, घराण्याघराण्याने उभे. खाली आम्ही ऐंशी फ्रेंच. मध्ये मोकळं कुरण, दोन्ही कडांना बायका आणि आसपासच्या गावांची गर्दी. कुरणाच्या मधोमध एका दगडावर फिदेन्सिओराव उभे, सत्तरीचे, वाळलेल्या शेंगेसारखे. हातात कागद होता, त्याकडे ते बघत नव्हते. बँड थांबला. कोणी गप्प बसा म्हटलं नाही, पण हजारभर माणसं गप्प झाली. रुतिलिओने सांगून ठेवलं होतं, नाव घेतलं की ते स्वतःचे तीन श्वास मोजतात. तेवढ्यात उत्तर आलं पाहिजे.

त्यांनी पहिलं नाव घेतलं. ओरडून नाही. शेतात गेलेल्या माणसाला जेवायला हाक मारावी, तसं. आणि टेकडीवर एका जागी चाळीस पुरुष एकदम म्हणाले, "हजर." भिंत कोसळल्यासारखा आवाज होता तो. दुसरं नाव, दुसरीकडून पंधरा आवाज. तिसरं. मी सगळ्या गोष्टींकडे जरा तिरकं बघणारा माणूस आहे. सरकारी समारंभात माझी करमणूक होते. ती सवय त्या दिवशी नवव्या नावापर्यंत टिकली. नवव्या नावाला एकच आवाज आला, चिरका, फाटलेला. एक म्हातारा एकटाच कोयता वर धरून उभा होता आणि त्याच्यामागे त्याचं कोणीच नव्हतं. एकशे सदतीस वर्षांपूर्वी चिखलात गेलेला एक माणूस त्या एका काटकुळ्या हाताला धरून उभा होता. माझ्या अंगावर काटा आला आणि तो पुढच्या कुठल्याच नावाला गेला नाही.

सतरावं नाव आलं. "पाब्लो कालिस्तो."

उतारावर दोन घराण्यांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा होती. सगळे तिकडे बघत होते.

"हजर," माझ्या शेजारून आवाज आला.

फिदेन्सिओरावांनी कागद खाली केला. "डॉन आबुंदिओ," ते म्हणाले, "तुम्ही फ्रेंच आहात."

बायकांच्या बाजूने निकोलासाबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. "आता नाही. आज सकाळी मी त्याला मुलगा करून घेतलाय."

हसू वरून सुरू झालं आणि टेकडी उतरून आमच्यापर्यंत आलं. आमचे जावईही हसले. कोणीतरी वरून विचारलं, मग आजपासून काकींचा नवरा कोण?

"नवरा एकावन्न वर्षं होता," बाई म्हणाल्या. "पुरे झाला."

त्यावर आणखी मोठं हसू झालं, पण ते लवकर विरलं, कारण बाई हसत नव्हत्या आणि फिदेन्सिओरावही नव्हते. असं कुठे असतं, त्यांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या देशात."

हजार माणसं माझ्याकडे वळली. फिदेन्सिओरावांनी मला अदबीने विचारलं, सेन्योर, हे खरं आहे का? दुभाष्याला अशा वेळी म्हणायला एक सोयीचं वाक्य असतं: मी फक्त दुसऱ्याचं बोलणं सांगतो. ते माझ्या तोंडात आलंही होतं. आबुंदिओराव समोर बघत ताठ उभे होते.

"आमच्याकडे घराण्याचं नाव बुडू नये म्हणून दत्तक घेतात," मी म्हणालो. "दत्तक आलेला त्या घरचाच. एकदा बाहेरून आलेल्या सरकारने ते नामंजूर केलं."

"मग?"

"त्यांना आम्ही घालवलं."

"किती दिवसांत?"

"नव्वद वर्षांत."

टेकडीवर कोणी हसलं नाही. नव्वद वर्षं म्हणजे किती, हे त्या गावाला मोजून दाखवावं लागत नव्हतं. मग फिदेन्सिओरावांनी निकाल दिला. फ्रेंचांच्या रांगेतून आलेलं उत्तर धरता येणार नाही. कालिस्तो घराण्याच्या माणसाने आपल्या जागेवर जावं. नाव पुन्हा घेतलं जाईल, एकदाच.

आबुंदिओरावांनी पिसांची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती टोपी घालून मी दुपारी तीनदा टेकडी चढलो आणि तीनदा खाली लोळलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोट मात्र त्यांनी घडी करून निकोलासाबाईंच्या हातात दिला. आत साधा पांढरा सदरा होता. रुतिलिओने वरून येऊन त्यांना आपला कोयता दिला. बाई आयुष्यभर नवऱ्याशी अहोजाहो करत आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जा. सावकाश चढ."

ते निघाले. दोन फौजांमधलं कुरण त्यांनी एकट्याने ओलांडलं. मग चढ. दोनदा थांबले, कोयता टेकून. खालून कोणी बोललं नाही, वरून कोणी हात द्यायला आलं नाही. द्यायचा नसतोच, हे बहुधा सगळ्यांना कळत होतं. रिकाम्या जागेत जाऊन ते उभे राहिले आणि वळले. एकावन्न वर्षं त्यांनी टेकडी खालून पाहिली होती. वरून हे कसं दिसतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"पाब्लो कालिस्तो," फिदेन्सिओरावांनी हाक मारली.

आबुंदिओरावांचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. छाती वरखाली होत होती, सदरा घामाने चिकटला होता, आणि ते नुसते खाली बघत होते, कुरणाकडे, गर्दीकडे, आम्हा निळ्या कोटांच्या रांगेकडे. दम उरलाच नव्हता. निकोलासाबाईंनी कोट छातीशी घट्ट धरला.

मी फिदेन्सिओरावांकडे पाहिलं. ते माझ्यापासून वीस पावलांवर होते, त्यामुळे चूक होणं शक्य नाही. त्यांचे ओठ मिटलेले होते. नाकपुड्या स्थिर होत्या. त्या वाळक्या छातीवरच्या सदऱ्याची बटणं जराही हलत नव्हती. तीन श्वास मोजायचा नियम होता, आणि फिदेन्सिओराव पहिलाही घेत नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला, मग काळपट. मानेची शीर फुगली. गर्दीत ते एकेकाच्या लक्षात येत गेलं असावं, कारण कुरणाभोवतीचा खोकला, कुजबुज, पोरांची रडारड, सगळं बंद पडलं. मला वाटतं, त्या वेळी सान इसिद्रोत श्वास घेत होते ते एकटे आबुंदिओराव.

"हजर," ते म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण खाली आमच्या शेवटच्या जावयापर्यंत पोचला.

फिदेन्सिओरावांनी श्वास सोडला. तोही ऐकू आला. मग त्यांनी एका हाताने डोळे पुसले, घसा साफ केला आणि पुढचं नाव घेतलं.